डबा नंबर सतरा

पावतीपुस्तकाला तीन रंग.
पांढरी देणाऱ्याची, गुलाबी आमची, पिवळी ऑडिटरची.
अकरा वर्षं मी कार्बन सरळ ठेवत आले
उदगीरच्या आमच्या हृदयनिधीत.
दोन हजारांवर रोख असेल
तर करसवलत नाही, हे आधीच सांगायचं.
'तीन लाख देतो, पाचाची पावती फाडा'
म्हणणाऱ्याला चहा पाजायचा
आणि दारापर्यंत पोचवायचं.
(असा एकजण जाताना चहाचे दहा रुपये
टेबलावर आपटून गेला.
त्या दहाचीही पावती फाडली मी.)

एका पैशाची खोट नव्हती.
मग तो आला.

मिसरूड फुटलेलं, सायकल भिंतीला टेकवलेली,
सदऱ्याच्या बटणांमागे एक उभी शिवण,
न बघताही मला ठाऊक असलेली.
"मी बसवंत. बिरादाराचा. वाढवण्याचा."
खुर्ची पुढं केली. बसला नाही.

"बाई, डब्यावरचा माझा फोटू काढा की.
शाळेत मला डबा म्हणतेत.
हंडरगुळीच्या बाजारात गेलतो आबासंगं, बैल बघाया.
हॉटेलवाला म्हणला, अरे, हे पोरगं तर मेलतं ना?
अन् एक गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडं बघत
डब्यात टाकायचा रुपया
परत खिशात घालाया लागलं."

हसत सांगितलं त्यानं.
डोळे फरशीवर.

फोटोत तो चार वर्षांचा आहे.
ओठ निळे, नाकात नळी, अंगात सदरा नाही.
सदरा आम्हीच काढायला लावला होता.
फोटोग्राफर म्हणाला होता, रडू द्या,
रडताना चांगला येतो.
खिडकीचा पडदा धरून
मी उभी होते,
उजेड नीट पडावा म्हणून.

फाइल काढली.
महानंदा बिरादार, डाव्या हाताचा अंगठा.
वर टाइप केलेला मजकूर, तिला कुणी वाचून दाखवला
याची नोंद कुठंच नाही.

वकीलसाहेब म्हणाले, संमती आहे,
कायद्यानं चालतं.
अध्यक्ष म्हणाले, याच फोटोवर
एकतीस लेकरांच्या छातीला टाके पडले.
विषय पुढच्या सभेत घेऊ.
हेही खोटं नव्हतं, एकतीस.
मीच मोजलेले.

महानंदाला फोन लावला.
मागे मळणीयंत्राचा आवाज.
"त्यो कागद? मला वाटलं भरतीचा हाय.
तवा तुम्ही म्हणला असता ना बाई,
तर घराच्या कागदावर बी दिला असता अंगठा."

सभेची वाट पाहिली नाही.
पिशवीत रॉकेलची बाटली, जुनं फडकं, ब्लेडचं पान,
देवणीची एसटी, मग जळकोटची, मग कुणाची तरी जीप.
बेचाळीस डबे.
मेडिकलवर, पिठाच्या गिरणीत, रसवंतीवर,
बँकेच्या काउंटरवर दोरीनं बांधलेल्या पेनाशेजारी.
दरवर्षी नवा छापून
जुन्यावरच चिकटवलेला तो,
थरावर थर, अकरा बसवंत.

सतरा नंबर हंडरगुळीला.
नखानं खरवडताना ओठ आधी निघाले.
डोळे काही केल्या निघेनात.
हॉटेलवाला भजी तळता तळता बघत होता.
"मग आता काय लावताव?"
नाव, नोंदणी क्रमांक, फोन.
खर्चाचा कागद, मागेल त्याला.
"असल्यावर कोण टाकील, बाई?"
मला उत्तर नव्हतं.
तो झारा निथळत उभा राहिला.

मागच्या महिन्यात सतरा नंबरात नऊशे चाळीस.
या महिन्यात दोनशे बारा,
आणि सदऱ्याचं एक बटण.

वहीत एक रकाना असतो: घट झाल्यास कारण.
तिथं लिहिलं,
मुलगा बरा झाला.

ऑडिटरनं शेजारी पेन्सिलीनं
प्रश्नचिन्ह केलंय.
खोडरबर माझ्याकडं आहे.
राहू दिलंय.