पान एकशे सदतीस

वादी कबीरला, तिसऱ्या मजल्यावर,
चपलांसाठी घेतलेल्या रॅकमध्ये माझी पुस्तकं राहतात.
चपला दाराबाहेर. त्यांना उन्हाची सवय आहे.
दर सुट्टीला तीस किलोंतले सात किलो कागदाचे;
आई म्हणते, त्यापेक्षा आमसुलं ने.

शुक्रवारी चारच्या सुमाराला माणसं येतात.
एसीखाली बसून घाम पुसतात, मग म्हणतात,
“काहीतरी हलकं द्या.”
मी रॅकमधलं सगळ्यात जड काढते.

गावंडे सोहारहून येतो. वेल्डर.
“इतिहास नको ताई, शाळेत सनावळीनं मारलंय.”
सनावळ्या ओलांड, मी म्हणते, गटार ओलांडतात तशा.
हे मिठाच्या नाक्यावरच्या एका कारकुनाचं आहे.
थेट त्या रात्रीवर जा, जेव्हा तो पावती फाडत नाही
आणि बाई डोक्यावरचं गाठोडं न उतरवता
नुसती उभी राहते.
तेवढंच वाच.
साल कोणतं होतं, ते तूच मागनं विचारत येशील.

चारुलताबाई रात्रपाळीच्या नर्स.
त्यांना रडायला खोटी माणसं लागतात.
“खरी काय, ड्युटीवर बघतेच की.”
त्यांना मी एका टेलिफोन ऑपरेटरचं आत्मचरित्र दिलं:
चाळीस वर्षं तिनं दुसऱ्यांची बोलणी जोडली
आणि स्वतःच्या लग्नाबद्दल लिहिलं अर्धं पान.
पंधरा दिवसांनी पुस्तक परत आलं.
बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
दारात चप्पल चढवताना विचारलं,
“उरलेलं अर्धं कुठे मिळेल?”

मुनाफ होडेकर फोर्कलिफ्ट चालवतो. बाणकोटचा.
त्याला दिला गलबतांच्या व्यापाराचा इतिहास,
जाडजूड, नकाशांसकट,
आणि वर छाती फुगवून म्हणाले,
“यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे हो.”

महिनाभर पत्ता नाही. मग आला,
एका पिशवीत कलिंगड आणि पुस्तक.
“थोडं लिहिलंय आत. पेन्सिलीनं. खोडता येईल.”

पान बावन्न. गलबत जूनच्या मध्यावर बाणकोटहून सुटले.
बाजूला: जूनमध्ये बंदर बंद. काय उडत गेलं?
पान अठ्ठ्याण्णव. खजुराची तीनशे पोती.
बाजूला: पोती नव्हे, झापाच्या टोपल्या.
पान एकशे सदतीस. मत्रहच्या खडकांवर गलबत फुटले.
दोन खलाशी बुडाले. त्यांची नावे उपलब्ध नाहीत.
इथे पेन्सिल जोरात टेकलेली, कागद जरासा चिरलेला:
एकाचं आहे. लतीफ. आमच्या आज्याचा थोरला भाऊ.
पोहायला येत होतं त्याला.

कलिंगड कापलं. बिया मोजल्यासारख्या काढत
आम्ही दोघं बसलो. खोडरबराचं नाव कुणी काढलं नाही.

आता कुणी विचारलं, खरं असं काही आहे का,
तर तेच देते, आणि सांगते:
समास आधी वाच, मजकूर सावकाश.
लेखक विद्वान आहे, पण तेव्हा बंदरावर नव्हता.
मुनाफही नव्हता, हेही ध्यानात असू दे.
त्याला आज्यानं सांगितलं,
आणि आजा तेव्हा पाच वर्षांचा.
पुस्तकासोबत पेन्सिल देते, टोक काढून.

रुवी, बरका, सोहार, सगळीकडे हिंडून आलंय ते.
मागच्या खेपेला सूरहून परतलं
तेव्हा लतीफच्या खाली कुणीतरी
दोनचा आकडा घालून ठेवलेला, पुढे टिंब,
त्यापुढे कोरं.
सगळ्यांना विचारून झालं. कुणी कबूल होत नाही.

ने. वाचून झालं की आण, घाई नाही.
आणि त्याच पानाच्या कोपऱ्यात एक तपकिरी डाग आहे.
फार जुना वाटतो.
माझ्या चहाचा आहे, गेल्या शुक्रवारचा.