नवव्या दाराआधी

आठ सीझन झाले, आठ दारं उघडली.
नवव्यामागं काय, यावर
कन्ना चौकातल्या चहाच्या गाड्यावर
रात्री जे ठरतं, ते सकाळी बदलतं.

इरेश म्हणतो, राजा मेलाच नाही.
प्रेत दाखवलं तेव्हा अंगठी डाव्या हातात होती,
सीझन दोनमध्ये उजव्या.
मुजाहिद म्हणतो, चूक आहे बे ती, शूटिंगवाल्यांची,
तुमच्या चादरीत नाही का मोर कधी उलटा पडत?
इरेश चादरीच्या कारखान्यात जॉबर.
उलटा मोर त्याच्या मनाला लागतो.
मोर उलटा पडला, तो म्हणतो,
तर पंचकार्ड काढून बघायचं,
कुणीतरी भोक पाडलेलं असतं.
आपोआप काही होत नसतंय लगा.

माझी थिअरी वहीत आहे.
दोनशे पानी वही, मागून सुरू केलेली,
पुढून अकाउंट्सच्या नोट्स.
नववं दार आतून बंद आहे, असं मी लिहिलंय,
बाहेरून ठोठावणारे उगाच मरतायत.
खाली तारीख, मुजाहिदची सही,
म्हणजे नंतर कुणी म्हणू नये, आधी कुठं बोललीस.

घरी आई विड्या वळते.
सूप मांडीवर, नजर माझ्या मोबाईलवर.
डब केलेलं हिंदी तिला अर्धंच कळतं,
पंखांचे हत्ती आले की ती पानं कापून घेते.
आठ सीझन तिनं नुसते हात पाहिले.
"चेतुलु चूडु," म्हणाली एकदा, हात बघ.
"ह्या राणीनं जन्मात काही बांधलेलं नाही.
आणि ती मुकी, झगा बांधते ती,
तिची गाठ बघ.
सूत तुटल्यावर मागावर मारतात ती गाठ आहे.
दार तीच उघडणार."
मी हसले. आठ सीझनमध्ये
दासीला एक वाक्य नाही.
"मग?" आई म्हणाली
आणि विडीचं तोंड दुमडलं.

मी परत मागं गेले.
पहिल्या दाराशी दासी. चौथ्याशी, कोपऱ्यात, अर्धी.
सातव्याला नुसती सावली,
आणि कुलूप खाली पडतं
सगळे राजाकडं बघत असताना.
चव्वेचाळीस डिग्री, वर पत्रा,
आणि माझ्या अंगावर काटा.
माझी थिअरी खोडली नाही. खाली आईची लिहिली,
तारीख घातली. सही कर म्हणून वही पुढं केली,
तर तंबाखूचा अंगठा
आधीच उमटला होता पानावर.

बाबा भिवंडीला गेले तेव्हा दुसरा सीझन चालू होता.
त्याच महिन्यात आमचे दोन माग
किलोवर गेले.
आधी पैसे यायचे, मग फोन, मग दिवाळीला फोन.
त्यांच्याबद्दल आमच्या घरात
कुणाचीच थिअरी नाही.

शेवटचा भाग शुक्रवारी, रात्री साडेबाराला.
पाचव्या दिवसाचं पाणीही
त्याच रात्री, त्याच वेळेला.
गल्लीत मोटारी सुरू झाल्या,
नरसव्वाचं पिंप दारात आडवं आलं, त्यावरून दोघींची जुंपली.
मी मोबाईल कळशीला टेकवून ठेवलेला.
पडद्यावर नववं दार. सगळे मागं सरकलेले.
आणि एक हात पुढं येतो,
कोपरापर्यंत उजेडात,
चेहरा अजून नाही.

"पाईप धर आधी," आई म्हणाली.
"पाणी जाईल. हात कुठं जात नाही."

मी पॉज केलं.
पिंप भरायला बावीस मिनिटं लागतात.
इरेशचा फोन आला, परत आला,
मग चौकातून त्याची शिट्टी.
मी उचलला नाही.
पाईपचं तोंड पाण्याखाली बुडवून धरलं
म्हणजे आवाज होत नाही.
आई उंबऱ्यावर बसून
त्या थांबलेल्या हाताकडं बघत होती,
नखाजवळ, अगदी जवळ वाकून,
विडीचा बंडल घेताना
मुनीम बघतो तशी.