हिरवी

"उजवी!" एगर्ट ओरडला.
मी ट्रेलरच्या मागे उभी, हात खिशात.
मे लागला तरी विनिपेग तळ्यावर
बर्फाचा राखाडी पापुद्रा अजून तरंगतोय,
वारा त्याच्यावरून सरळ गॅरेजात येतो.
उजवी लागली नाही.
म्हणजे, दोन्हीकडचे मंद लाल दिवे उघडझाप करू लागले,
झोपेतून उठवलेल्या दोन पोरांसारखे.

"लागली का?"
"काहीतरी लागलं."

तीन दिवस तो त्या गाडीशी झटतोय.
सीट उतरवलेलं, झाकणं जुन्या चादरीवर,
स्क्रू अंड्यांच्या खोक्यात, खाचेखाचेला चिठ्ठी,
एकीवर नुसतंच "कुठले?"
गाडीच्या शेपटाकडून पाच वायरी निघतात,
ट्रेलरला चारच कळतात.
गाडीचा ब्रेक वेगळा बोलतो, वळण वेगळं;
ट्रेलरच्या एकाच दिव्याला
थांबतोय आणि वळतोय, दोन्ही सांगायचं असतं.
म्हणून मधे एक काळी डबी, काडेपेटीएवढी.
तिच्या आत काय चालतं ते डबीलाच ठाऊक.

शेजारचा लुबोमिर मीटर घेऊन आला होता.
म्हणाला, पांढरी वायर वेगळी ओढा, अर्थाची.
जोडाच्या गोळ्यावर विसंबू नका,
खड्ड्यात गोळा उडतो
आणि गेलेल्या विजेला घरी यायला वाट उरत नाही.
पांढरी एगर्टने नीट ओढली.
पिवळीही नीट.

मी वाकून पाहिलं.
हिरवी तपकिरीला, तपकिरी हिरवीला.
डाग सुबक, वर नळी तापवून बसवलेली,
चूक इतक्या निगुतीने केलेली मी प्रथमच पाहत होते.

मग एकेक आठवत गेलं.
लग्नाच्या दिवशी माझ्या तपकिरी कोटाला तो म्हणाला होता,
हिरवा तुला शोभतो.
मी ते प्रेम समजले.
बागेतले टोमॅटो तो कधीच तोडत नाही,
आधी दाबून बघतो, मग मला हाक मारतो.
सिग्नलला दिवा वरचा की खालचा, एवढंच बघतो.
एकतीस वर्षं.
मला कळत नव्हतं असं नाही,
मी विचारलं नव्हतं.

तो सीटवर बसून पुढे बघत होता,
मान ताठ, कान मागे.
"फ्यूज असेल," तो म्हणाला.
"असेल," मी म्हणाले. "जा, कॉफी टाक."

त्याची पावलं स्वयंपाकघरात पोचेपर्यंत थांबले.
मग दोन जोड कापले, उलटून पुन्हा डागले.
बोट भाजलं, शिवी दिली, आइसलँडिक, त्याच्या आईची.
भिंतीवर त्याचं जुनं जाळं टांगलेलं,
चाळीस हिवाळे बर्फाखाली सोडलेलं.
त्यातला दोरा घेतला,
तपकिरीला एक गाठ मारली, हिरवीला दोन,
त्यानेच शिकवलेली, ओल्यातही न सुटणारी.

कॉफी घेऊन तो आला.
वायरींवरून हात फिरवला, सवयीनं,
बोटं गाठीवर थांबली.
एक.
मग दोन.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
तळ्यावर कुठेतरी बर्फ तडकला.
"पिवळीला नाही मारलीस?"
"पिवळी तुला दिसते."

त्याने कप चाकाच्या कडेला ठेवला,
सीटवर चढला.
"उजवी."
"लागली."
"डावी."
"लागली."
"ब्रेक."
दोन्ही दिवे भक्कन उजळले,
दारामागचा फावडा, रंगाचे डबे, माझे बूट,
सगळं लाल.

जूनमध्ये आम्ही पूर्वेला निघालो,
तंबू, स्टोव्ह, त्याच्या गुडघ्याची मलमं ट्रेलरमध्ये.
मागचे दिवे चालवणाऱ्याला दिसत नाहीत,
मागे बसणारीलाही नाही.
केनोराच्या पुढे एका पंपावर
लाकडाच्या ट्रकवाल्याने काच खाली केली:
"मैलभर मागे होतो. दिवे छान आहेत तुमचे."
एगर्टने माझ्याकडे बोट दाखवलं,
"हिने केले. ही, हिरव्या जाकिटातली."

जाकीट तपकिरी आहे.
मी चेन गळ्यापर्यंत ओढली.