दोन बदकं

तीन दिवस पूर्वेचा वारा सुटलाय कादिझमध्ये.
घरमालकीण कासिल्दा सकाळीच बजावते :
आज केस कापू नकोस, कुणाशी भांडू नकोस,
आणि कुणी लग्नाचं विचारलंच
तर उद्या सांगते म्हण.
लेवान्ते आहे. डोकी फिरतात.
मग स्वतःच जिन्यात उभी राहून
एका कुंडीवरून शेजारणीचा उद्धार करते.

माझ्या खोलीची भिंत शिंपल्यांची.
म्हणजे दगडाचीच, पण दगडात शिंपले,
कालवं, शंखांच्या कपच्या,
चिक्कीत शेंगदाणे रुतावेत तशा.
रात्री एक शिंपला निसटून उशाशी पडला.
ह्या गावाने समुद्रातूनच दगड खणला
आणि समुद्राला अडवायला भिंती बांधल्या.

गल्ल्या इतक्या अरुंद की वारा आडवा होऊन शिरतो.
कोपऱ्याकोपऱ्यावर तोंड खुपसून पुरलेल्या तोफा,
घोडागाड्यांची चाकं घरांना घासू नयेत म्हणून.
एका तोफेला कुत्र्याने पाय वर करून
मानवंदना दिली.
मी थांबले. घाई नव्हती.

संग्रहालयात दोन दगडी शवपेट्या,
झाकणांवर कोरलेले चेहरे : एक तो, एक ती.
फिनिशियन. तो आधी सापडला,
ती नव्वदएक वर्षांनी.
जोडपं का, मी विचारलं.
छे, रखवालदार बाल्दोमेरो म्हणाला,
ओळखसुद्धा नसेल. लग्न आम्ही लावलं.
जरा थांबून :
पण आता इतकी वर्षं शेजारी आहेत,
एकमेकांच्या घोरण्याची सवय झाली असेल.
त्याच्या बोटावर अंगठीचा पांढरा वळ होता.
अंगठी नव्हती.

कॅथेड्रलच्या छताखाली जाळी बांधलीय.
मीठ दगड खातं, वरून देवाच्या घराचा चुरा पडतो.
जाळ्याची ह्या गावाला सवयच,
एरवी मासे, इथे पोपडे.

दुपारी अख्खं गाव ला कालेतावर.
हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून
वाऱ्याला पाठ दाखवतो.
ओहोटीत होड्या कुशीवर पडलेल्या.
छत्र्यांखाली बायकांचा तंबोला रंगलेला :
आंगुस्तियास आकडे पुकारते,
बाकीच्या काबुली चणे ठेवून घरं झाकतात.
मलाही एक तिकीट, एक मूठ चणे,
आणि वर दटावणी, खायचे नाहीत.

बावीस आला की सगळ्या एका सुरात ओरडतात :
दोन बदकं!
माझं एवढंच घर राहिलं होतं.
मी पण ओरडले, चुकून मराठीत.
सगळ्यांनी माना वळवल्या.

मग वाळूत काढून दाखवला आमचा बावीस, २२.
आंगुस्तियासने चष्मा कपाळावर नेला,
मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.
बदकंच आहेत, तिने निकाल दिला,
फक्त ह्यांची शेपटी भिजलीय.

बक्षीस : अर्धं कलिंगड.
ते तिथेच संपलं, बिया वाळूत.
सूर्य कधी बुडाला ते कुणी पाहिलं नाही,
कुणाची तरी सून काय म्हणाली
ह्याचा निवाडा चालू होता.

रात्री खिशात एक चणा निघाला.
भिंतीत, शिंपला निसटला होता त्या खळगीत
अंगठ्याने दाबून पाहिला.
बसला.
बाहेर वारा अजून दारं शोधतोय,
आणि कासिल्दा जिन्यातून
तीच कुंडी शेजारणीच्या हाती देतेय,
ठेव तुझ्याकडेच, म्हणतेय,
माझ्या गॅलरीत फार वारा लागतो तिला.