बद्द

पाकीट जाड असलं की नकार, पातळ असलं की होकार.
हे आता हेफिन पोस्टमनलाही ठाऊक आहे.
जाड पाकीट तो दाराच्या फटीतून ढकलत नाही.
घंटी वाजवतो, हातात देतो
आणि हवेबद्दल बोलतो.
"धुकं उतरायचं नाव नाही, टेगवेन."
नाही खरंच, म्हणते मी.

पाकिटावर माझंच अक्षर.
परतीचा पत्ता आपणच लिहून, तिकीट आपणच लावून
गोष्टीसोबत पाठवायचं असतं. रीतच आहे.
म्हणजे नकाराचं सगळं सामान आपण पुरवायचं,
त्यांनी फक्त डिंक चाटायचा.
अकरा वेळा मी मलाच पत्र पाठवलंय.
घराच्या नंबरातला सात दर खेपेला जास्त वाकलेला.

साभार परत.
आभार कसले मानतात, कळत नाही.

ब्लायनायच्या कुठल्याही खिडकीतून डोंगर दिसतो.
डोंगर म्हणायचं आपलं.
तो नाकारलेल्या दगडांचा ढीग आहे.
पिढ्यान् पिढ्या खाणीतून पाटीचा दगड निघाला,
दहातला एक छपरावर गेला, हॅम्बुर्गला, डब्लिनला,
नऊ इथेच, आमच्या परसाच्या वर,
पावसात जांभळे होत बसलेत.
लहानपणी वाटायचं, प्रत्येक गावाला असा एक असतो.

बाबा दगड फोडायचे. छिन्नी, मोगरी, मांडीवर शिळा.
आकारावरून पाट्यांना नावं होती:
डचेस, काउंटेस, लेडी.
सगळ्या सरदारणी माझ्या मांडीवर बसून गेल्या, म्हणायचे.
आई या विनोदावर कधी हसली नाही.
फोडलेली पाटी धरून ते बोटाच्या पेराने ठोकायचे.
खणखणीत वाजली तर उजवीकडे.
बद्द वाजली तर खाली.
रागाने नाही. तिच्याकडे न बघता.
तेवढ्यात दुसरी हातात असायची.

मी मात्र प्रत्येकीमागे तीन दिवस जाते.
औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून
चुकीच्या पिशवीत चुकीची बाटली घालते.
परवा मिसेस गिटिन्सना मुळव्याधीचं मलम दिलं,
त्यांना नवऱ्याच्या डोळ्यांसाठी थेंब हवे होते.
रात्री संपादकाला मनातल्या मनात उत्तरं लिहिते.
फार छान असतात ती.
ती कुणी परत पाठवली नसती.

या खेपेला छापील मजकुराखाली पेन्सिलीने एक ओळ:
"गोष्ट पाचव्या पानावर संपली होती."
पानं आठ.

बाबांना वाचून दाखवली.
त्यांच्या छातीत अर्धी खाण अजून आहे,
श्वास चाळणीतून यावा तसा येतो.
डोळे मिटून ऐकत होते, एक बोट टेबलावर.
मग बोट उचललं. मग घोरणं.
आठवं पान संपलं तेव्हा जागे झाले.
"छान."
"खरं सांगा."
बराच वेळ श्वास गोळा केला त्यांनी.
"कुत्रा परत येतो तिथवर वाजत होती.
पुढे तू समजावत बसलीस."

कुत्रा पाचव्या पानावर परत येतो.

मी भांडी घासली. जरा आदळूनच.

मग ते म्हणाले, मला नाही, खिडकीला,
की हातातली ताकद गेल्यावर म्हातारे त्या ढिगावर जायचे,
टाकलेल्यातून निवडून, कडा मारून
लहान पाट्या काढायचे. कोंबड्यांच्या खुराड्यावर चालतात.
त्यांचे आजोबा दोन हिवाळे त्यावर जगले.
"आणि बद्द वाजलेली?"
"ती बद्दच. तिचं काही होत नाही.
कुंपणाला लावायची."

सांत्वन करायला बाबा कधी शिकलेच नाहीत.

रविवारी तीन पानं काढली.
त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं:
दूध, बटाटे, बाबांचा पंप, तिकिटं.
उरलेली पाच उभी धरून टेबलावर आपटली, कडा जुळवल्या.
कागद वाजत नाही.
तरी कान दिला.

पाकिटावर माझा पत्ता घातला.
सात या वेळी सरळ काढायचा होता,
पुन्हा वाकला.
राहू दे. हेफिनला त्याची सवय आहे.