धर्मकाटा

वाडी नाक्याच्या अलीकडे मागच्या चाकाची तार तुटली
तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते
आणि डांबर अजून दुपारचंच होतं.
वेंगुर्ल्याहून निघाल्याचा सोळावा दिवस.
गोदामांची रांग, ट्रकांची रांग,
मधे एकच ट्यूबलाइट, तिच्याखाली पाटी:
धर्मकाटा, चोवीस तास.

"कुठी चालल्या जी?"
खिडकीत आधी चष्मा, मग माणूस.
जबलपूर, म्हटलं. आणि लगेच ते दुसरं,
जे कोल्हापूरपासून ढाब्याढाब्यावर सांगत आले:
मागून भाऊ येतोय. गाडी घेऊन. पोचेलच.

मला भाऊ नाही.

"येऊ द्या," यादोराव हेडाऊ म्हणाले
आणि दोन खुर्च्या बाहेर आणल्या.

मुश्ताकचं शटर पडलेलं. यादोरावांनी तळहातानं वाजवलं.
माझ्या मापाची तार त्याच्याकडे नव्हती.
तो आत गेला, मुलीची सायकल उलटी केली,
तिची एक तार काढून, टोक वाकवून, माझ्या चाकात ओवली.
किती झाले, विचारलं
तर तोंडात बिडी, नुसती मान हलवली,
मी पाकीट शोधेपर्यंत शटर पुन्हा खाली.
उद्या ती पोरगी शिकवणीला जाताना
चाक जरासं लचकेल.
तिला कारण कळणार नाही. किंवा कळेल.

ट्रक नव्हता म्हणून गंमत:
मला सायकलसकट काट्यावर उभं केलं.
लाल आकडे थरथरले, थांबले. नव्वद किलो.
"चाळीस टनाच्या खाली कोणी येतच नाही इकडे," म्हणाले, खूश.

डब्यात पोळ्या, वांगं, सांबाराची चटणी.
त्यांनी तीन वाटे केले.
तिसरा झाकून ठेवला,
वर पावत्यांचं बाड, मांजर फिरते म्हणून.
"भाऊ उपाशी कसा झोपंन?"

घास गिळायला मला पाणी लागलं.

केबिनच्या गच्चीवर पाणी मारून गादी टाकली.
मी वर चढले तसे खालून म्हणाले,
"शिडी वर ओढून घ्या.
भाऊ आला तं मी आवाज देतो."

रात्रभर खालून ट्रक जात राहिले.
प्रत्येक ट्रकाला गच्ची थोडी हलायची.
मी शिडीवर हात ठेवून झोपले,
मग कधीतरी हात निघाला असावा.

पहाटे उतरले.
"भाऊ काही आला नाही जी तुमचा."
नाही, म्हटलं.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही,
बाटलीभोवती ओलं गोणपाट गुंडाळत होते.
"रस्त्यात कुठी भेटंन. त्याच्या पोळ्या बांधून देल्या."
आणि एक कांदा, माझ्या हातात.
"खिशात ठेवा. नवतपा हाय."

पैसे घेईनात.
"पावती तं घेऊन जा. चढा."
मी चढले: भरलेल्या बाटल्या, पोळ्या, कांदा,
एका अनोळखी पोरीच्या चाकातली तार.
आकडा थरथरला. नव्वद.
"याले दहाच्या खालचं समजत नाही जी,"
काचेवर बोट वाजवत म्हणाले,
वर्गात नापास झालेल्या पोराबद्दल बोलावं तसे.

पावती अजून आहे, घामानं पुसट.
वाहन क्रमांकाच्या जागी रेघ.
भरलेलं नव्वद. रिकामं नव्वद.
निव्वळ माल शून्य.

कन्हानच्या पुलापाशी ऊन गाठीला आलं.
कठड्याला सायकल टेकवून
भावाच्या पोळ्या मी खाल्ल्या. सगळ्या.

मनसरला चहा गाळता गाळता बाईनं विचारलं,
एकट्याच का हो?
आज माझं उत्तर आपोआप आलं:
भाऊ आहे ना, मागे, वाडीला.
रात्रपाळी असते त्याची.