मले

एकोणिसावा दिवस.
टाकीवरून पडले तो मंगळवार होता, एवढं नक्की.
बाकीचे वार पाण्यात विरघळले.

टाकी मीच बसवलेली, नळ मीच जोडलेले.
शिडीची तिसरी पायरी सैल आहे
हेही मीच वहीत लिहून ठेवलं होतं,
पुढे कंसात : बघायचं.

धावपट्टीवर अजून गुडघाभर पाणी.
विमान येतं, बांधावरून एक घिरटी घालतं
आणि झराफ नदीकडे निघून जातं,
कुलूप बघून परतणाऱ्या पाहुण्यासारखं.

प्लास्टर गात्वेचनं घातलं.
बाळंतिणींच्या तंबूत जे होतं तेवढ्यात भागवलं.
म्हणाला, गायीचा पाय बसवलाय मी असाच,
ती इतकी ओरडली नव्हती.

डुओप रोज येतो. आठ वर्षांचा, गंभीर.
माझ्या पोटरीवर कोळशानं बैल काढतो.
पहिल्या दिवशी पाठ, मग वशिंड,
शिंगं मात्र संपत नाहीत,
डावं तर घोट्याला वळसा घालून टाचेपर्यंत आलंय.
हातात कोळसा, तरी दर वेळी विचारतो,
पांढरा दिसतो ना?
दिसतो, म्हणते मी.
पुरात काय काय गेलं, ते मी विचारत नाही.

माणशी पंधरा लिटर.
हा आकडा मी तीन देशांतल्या बैठकांत
पेनाचं टोपण आपटत सांगितला आहे.
आता न्यारुओत डोक्यावरून पिवळा कॅन आणते,
मला पाठमोरी बसवते, अंग पुसते,
आणि मी डोळे मिटून मोजत राहते.
वीस. बावीस.
केस धुतले त्या दिवशी एकतीस.
तिच्या घरी माणसं सात.

केस नकोत, म्हटलं मी.
ती बराच वेळ काहीतरी बोलली.
गात्वेचनं त्यातलं एकच वाक्य मला दिलं :
मान खाली घाल.

रात्री बायका बांधावर चिखल थापतात.
भाकरीचा आवाज म्हणावा
तर भाकरी नसते.
कुमुदाचे कंद कुटून केलेली पेज असते,
राखाडी, किंचित कडू.
माझी वाटी आधी भरतात.
संपवली तर पुन्हा भरतात, उरवली तर रुसतात.
याबद्दल कुठल्याच प्रशिक्षणात काही सांगितलेलं नाही.

म्हाताऱ्या कुएथनं कुबडी करून दिली.
लाकूड हिंगणबेटाचं. झाड ओळखलं मी,
आमच्या पांदणीला होतं, काटे हेच.
काखेशी लागू नये म्हणून त्यानं चिंधी गुंडाळलीय,
आमच्याच संस्थेच्या फाटक्या झेंड्याची.

काल फोन लागला. आई.
"मले काऊन नाही सांगतलं?"
आवाज तुटत होता,
वाक्यं वाटेत गळत होती,
पोचत होतं फक्त : मले... मले...

न्यारुओत हातातलं फडकं टाकून उभी राहिली.
इथे भेटल्यावर माणसं हेच म्हणतात.
मले. शांती असो.
तिनं फोनकडे हात उंचावला,
मोठ्यानं उत्तर दिलं, मले, मले,
दुरून हाक आल्यावर द्यायचं तसं.

आई गप्प झाली.
मग म्हणाली, "कोन हाये तुह्यासंगं?"

नंतर गात्वेचला मध्ये घालून तिनं विचारलं,
तुमच्यात याचा अर्थ काय?
मला, म्हटलं.
मला काय?
सांगता येईना. आमच्यात ते पुढे येतं.
मले दे. मले ने. मले दुखते.
ती हसली ते किती समजून, कुणास ठाऊक.
रिकामा कॅन उचलून निघून गेली.

आज कुबडीवर नळापर्यंत गेले. बत्तीस पावलं,
त्यातली नऊ उगाच, चिखल चुकवायला.
शिडीची तिसरी पायरी
कुणीतरी मासे धरायच्या जाळीच्या दोरानं
आवळून बांधली होती.

रांग मोठी होती. शेवटी उभी राहिले.
पुढच्या बाईनं मागे वळून पाहिलं.
मले, म्हणाली.
मले, म्हटलं मी.
पुढे जा, असं कुणी म्हटलं नाही.